विश्लेषण : कॉलेजचा पहिला महिना गावाकडच्या मुलांसाठी एवढा महत्त्वाचा का?

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. उन्हाळ्यात लावलेल्या मिरचीची तोडणी ऐन जून-जुलैत रंगात येते आणि नेमकी तेव्हाच शाळा-कॉलेजेही उघडतात. घरात तोडणीला माणसे कमी पडत असतील, तर अकरावीत किंवा प्रथम वर्षाला नाव घातलेला मुलगा ‘दोन आठवड्यांनी गेले तरी चालेल’ म्हणून थांबतो. अभ्यासाचे दोन आठवडे पुढे भरून काढता येतात. पण ओळखी, गट, वेगवेगळ्या उपक्रमांची नावनोंदणी, नव्या मुलांचे स्वागत या सगळ्या गोष्टी त्याच दिवसांत उरकलेल्या असतात. त्या चुकल्या, तर विद्यार्थी वर्षभर पाहुण्यासारखा राहतो. या पहिल्या महिन्यात नेमके काय घडते?

सत्र एकाच दिवशी सुरू होते का?

नाही. विदर्भ वगळता राज्यातील शाळा साधारण जूनच्या मध्यावर उघडतात. पदवीचे दुसरे आणि तिसरे वर्ष त्याच सुमारास किंवा थोडे उशिरा सुरू होते. प्रथम वर्षाचे प्रवेश मात्र लांबतात. अकरावीचे प्रवेश पूर्वी मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्याच भागांत ऑनलाइन होत. २०२५-२६ पासून ही पद्धत संपूर्ण राज्याला लागू झाली. त्यामुळे जालना जिल्ह्यातील खेड्यांमधल्या मुलांनाही पसंतीक्रम भरणे, यादीची वाट पाहणे आणि पुढच्या फेरीत नशीब आजमावणे हे सगळे करावे लागते.

परिणाम असा, की एकाच वर्गातली मुले वेगवेगळ्या आठवड्यांत येतात. पहिल्या फेरीतली मुले एकमेकांना नावाने हाक मारू लागलेली असतात, तेव्हा शेवटच्या फेरीतला मुलगा वर्गखोली शोधत असतो. गावात फॉर्म भरायला कोणी मदतीला नसेल किंवा घरात शेतीचे काम असेल, तर हा उशीर आणखी वाढतो.

पहिल्या दिवसांत कॉलेजात काय काय होते?

सर्वांत आधी होतो तो स्वागत समारंभ. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले गुलाब देऊन नव्यांचे स्वागत करतात, प्राचार्यांचे भाषण होते आणि मग ‘ओळख’. नाव, गाव, छंद सांगायचा आणि जमत असेल तर गाणे किंवा कविता म्हणायची. शहरी कॉलेजांत यालाच ‘फ्रेशर्स पार्टी’ म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ हा कार्यक्रम सुचवला. नव्या विद्यार्थ्याला कॉलेजची, शिक्षकांची आणि वरच्या वर्गातील मुलांची ओळख व्हावी, हा त्याचा उद्देश. काही ठिकाणी तो नीट होतो, तर काही ठिकाणी एका दिवसाच्या भाषणांत आटोपतो.

त्यानंतर सणांचे दिवस लागतात. पोळ्याला शेतकरी घरांतली मुले वर्गात दिसत नाहीत. गणपतीत वर्गणी आणि आरतीच्या निमित्ताने वेगवेगळ्या वर्गांतली मुले एकत्र येतात. ५ सप्टेंबरला शिक्षक दिनी कनिष्ठ महाविद्यालयांत साड्या नेसलेल्या मुली आणि इस्त्रीचे शर्ट घातलेली मुले ‘सर-मॅडम’ होऊन वर्ग घेतात. मुलांना एकमेकांची नावे पाठ होतात ती याच काळात. साडी डे, टाय डे, शेलापागोटे हा स्नेहसंमेलनाचा भाग खूप पुढे, बहुतेक ठिकाणी डिसेंबरनंतर येतो. तोवर कोण कोणाच्या गटात हे ठरून गेलेले असते.

यात एसटीच्या वेळापत्रकाचा काय संबंध?

गावातून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांचे कॉलेज पहिल्या गाडीने सुरू होते आणि परतीच्या शेवटच्या गाडीने संपते. तालमी, सामने, बैठका बहुतेक तासांनंतर असतात. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेसाठी पावसाळ्यात कॉलेजांच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. पुण्यातले कॉलेजजीवन म्हटले, की अनेकांना आधी त्या तालमीच आठवतात. शेवटची एसटी गाठायची असलेल्या मुलाला हे परवडत नाही. म्हणून त्याचा कट्टा बसस्थानकावर जमतो. एकाच गाडीची वाट पाहणाऱ्या तीन-चार गावांतली मुले तिथे वह्या बदलतात, परीक्षेचे फॉर्म भरतात, भांडतात आणि मैत्रीही करतात.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजनेमुळे बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. इतर विद्यार्थ्यांना पासवर ६६.६६ टक्के सवलत आहे. २०२४ पासून महामंडळाने शाळा-कॉलेजातच पास देण्याची मोहीम सुरू केली, त्यामुळे सत्राच्या सुरुवातीला पासच्या खिडकीपुढची रांग कमी व्हायला मदत झाली. पण बारावी संपली, की मुलीला पासाचे पैसे मोजावे लागतात. त्यातच ‘उजेडात घरी ये’ ही घरची अट असते. मग स्वागत समारंभ दुपारी तीनला ठेवला की पाचला, यावर ती त्यात असणार की नाही हे ठरते.

पहिल्याच महिन्यात कोणत्या नोंदण्या कराव्यात?

राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, क्रीडा विभाग, सांस्कृतिक मंडळ आणि कमवा व शिका योजना. सत्र सुरू होताच या सगळ्यांच्या सूचना फलकावर लागतात आणि जागा मर्यादित असतात.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे, अशी तिची रचना आहे. खेड्यातून आलेल्या मुलाला श्रमदानाची सवय असते, ग्रामपंचायतीत कोणाशी बोलायचे हेही माहीत असते. एरवी वर्गात मागे बसणारा हा मुलगा शिबिरात पुढे असतो.

या उपक्रमांना आता अभ्यासक्रमातही जागा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून जी रचना आली, तिच्यात सेवा योजना, छात्रसेना, खेळ, योग आणि कला यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक आहेत. पूर्वी ‘हौस’ म्हणून सोडून दिलेली गोष्ट आता गुणपत्रिकेत दिसते.

जालना जिल्ह्यातील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतील कॉलेजांचे संघ विद्यापीठाच्या युवक महोत्सवात उतरतात. पोवाडा, भारूड, लावणी, लोकनाट्य या कला तिथे सादर होतात. तिथून निवड झाली, तर राज्यातील विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवापर्यंत जाता येते. गावच्या भजनी मंडळात किंवा गोंधळात ताल धरलेल्या मुलाकडे यासाठी लागणारी तयारी आधीच असते. मात्र संघनिवड आहे, हे त्याला वेळेवर कळावे लागते.

स्वागत कुठे संपते आणि रॅगिंग कुठे सुरू होते?

‘गाणे म्हण’ असा आग्रह झाला आणि मुलाने हसून नकार दिल्यावर पुढच्याला बोलावले, तर ते स्वागत. नकारानंतरही त्याला उभे ठेवले, हसे केले, नाचायला लावले, तर ते रॅगिंग. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात शारीरिक इजेइतकेच मानसिक इजेला, भीतीला आणि लाजिरवाणे वाटण्यालाही महत्त्व दिले आहे. इच्छा नसताना एखादी कृती करायला लावणेही त्यात येते. दोष सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय विद्यार्थ्याला कॉलेजातून काढले जाते आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे.

हिमाचल प्रदेशात २००९ मध्ये अमन कचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला. त्याच वर्षी आयोगाने देशभरासाठी कडक नियम केले. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालकांकडून हमीपत्र घेतले जाते, ते याच नियमांमुळे. २०१६ च्या दुरुस्तीने व्याख्या आणखी स्पष्ट केली. जात, धर्म, रंग, रूप, भाषा, जन्मस्थान, राहण्याचे ठिकाण किंवा आर्थिक स्थिती यांवरून छळ करणे हेही रॅगिंग ठरते. बोलीवरून, गावावरून, आडनाव विचारून किंवा पायातल्या चपलेवरून सतत टोमणे मारणे ही ‘गंमत’ नाही. गावाकडच्या मुलांना हे पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगायला हवे. १८००-१८०-५५२२ हा मोफत मदत क्रमांक २४ तास सुरू असतो. १२ ऑगस्ट हा रॅगिंगविरोधी दिवस आणि १२ ते १८ ऑगस्ट हा सप्ताह म्हणून पाळला जातो.

मोबाइलमुळे काय बदलले?

दोन्ही बाजूंनी बदल झाला. मिरची तोडत असलेल्या मुलालाही वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वेळापत्रक, सूचना, नोट्स मिळतात. तो गावात असूनही पूर्ण तुटत नाही. पण त्याच ग्रुपवर न येणाऱ्यांची टर उडवली जाते. शेलापागोटे निनावी असले, तरी ते स्नेहसंमेलनात सर्वांसमोर, शिक्षकांच्या नजरेखालून वाचले जात. इन्स्टाग्रामवरच्या निनावी ‘कन्फेशन’ पानांना असा चाळणीचा हात नसतो. वरिष्ठांनी अनौपचारिक ग्रुप करून त्यात नव्या मुलांना त्रास देणे हेही रॅगिंग समजावे, असे आयोगाने २०२५ च्या जुलैमध्ये बजावले. असा त्रास झाला, तर ग्रुप लगेच सोडू नये. आधी संदेशांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावेत, तक्रारीत तेच उपयोगी पडतात.

विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी कोण?

राज्यातील खुल्या विद्यार्थी निवडणुका हिंसाचाराच्या घटनांनंतर नव्वदच्या दशकात थांबल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. २०१९ मध्ये तयारी झाली, पण विधानसभा निवडणुकीमुळे ती लांबली आणि पुढे करोना आला. गुणांवर नेमलेला प्रतिनिधी हुशार असतो, पण तो एसटीने येणाऱ्यांपैकी असेलच असे नाही. त्यामुळे शेवटच्या गाडीची अडचण बैठकीत मांडायला कोणी नसते.

मग काय करता येईल?

उपाय फार खर्चिक नाहीत. कॉलेजांनी स्वागत समारंभ आणि संघनिवड शेवटच्या गाडीच्या आधी उरकावी. उशिरा प्रवेश घेणाऱ्यांसाठी ऑगस्टमध्ये दुसरा ओळख कार्यक्रम ठेवावा. सेवा योजना आणि सांस्कृतिक मंडळाच्या काही जागा शेवटच्या फेरीपर्यंत राखाव्यात. आधीच शिकत असलेल्या गावातल्या मुलांनी नव्यांना पहिल्या दिवशी सोबत न्यावे. अनेक गावांत ही रीत आहेच, ती मोडू देऊ नये.

पालकांसाठीही एक साधा हिशेब आहे. तोडणीचे आठ दिवस मजूर लावून निघू शकतात, शेजाऱ्याशी सावड करूनही निघू शकतात. पण वर्गात पहिल्यांदा नाव सांगायचा दिवस मुलीच्या वाट्याला एकदाच येतो. त्या दिवशी ती हजर असेल, तर पुढे अडचण आली तरी कॉलेज सोडण्याआधी तिला विचारणारे कोणीतरी तिथे असते.