अळिंबी बियाणे प्रयोगशाळेतील हवेची शुद्धता

धिंगरी अळिंबीच्या पिशवीवर हिरवे डाग दिसू लागले, की दोष बहुधा काडाला दिला जातो. काड नीट निर्जंतुक न होणे हे एक कारण आहेच; परंतु कित्येकदा हा रोग बियाण्यातूनच येतो. बियाणे एका ठिकाणी बिघडले, तरी नुकसान ते नेणाऱ्या प्रत्येक उत्पादकाचे होते. म्हणून स्वतः बियाणे तयार करू इच्छिणाऱ्यांनी हवेतील बुरशीचा बंदोबस्त समजून घ्यावा.

हिरवी बुरशी म्हणजे बहुधा ट्रायकोडर्मा. शेतात मर रोगावर उपयोगी पडणारी ही बुरशी अळिंबीची मात्र शत्रू आहे. तिचा बीजाणू साधारण 3 मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ओळीने तीनशेच्या वर मावतील एवढा सूक्ष्म असतो. तो धुळीबरोबर तरंगतो आणि शिजवलेल्या गव्हावर पडताच रुजतो. त्यामुळे ट्रायकोडर्मा व अळिंबी बियाणे यांचे उत्पादन एकाच जागेत कधीही घेऊ नये.

गाळणी कशी काम करते?

बियाणे भरण्याच्या लॅमिनार एअर फ्लो कपाटात हेपा गाळणी असते. रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहातही अशाच गाळण्या वापरतात. ही पिठाच्या चाळणीसारखी नसते. काचतंतूंच्या दाट जाळ्यातून हवा जाताना मोठे कण तंतूंवर आदळून चिकटतात. अतिसूक्ष्म कण सैरावैरा हलत तंतूंना लागतात. या दोहोंमधले, 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे कण अडवणे सर्वांत अवघड. तेही ही गाळणी किमान 99.97 टक्के अडवते. बीजाणू त्याहून मोठा असल्याने सहज अडकतो.

गाळलेली हवा सेकंदाला सुमारे 0.45 मीटर वेगाने एकसारखी पुढे येते आणि बाहेरची हवा आत शिरू देत नाही. ही ढाल हातांच्या झटक्याने, छताच्या पंख्याने किंवा उघड्या दाराने लगेच मोडते.

घ्यावयाची काळजी

1. कामापूर्वी पंखा 15 ते 20 मिनिटे चालू ठेवावा.
2. अतिनील दिवा काम सुरू करण्यापूर्वी बंद करावा. तो डोळ्यांना व त्वचेला अपायकारक आहे. बाटलीच्या सावलीतील बुरशी त्याने मरत नाही, म्हणून कपाट 70 टक्के अल्कोहोलने पुसावे. अल्कोहोल वाळल्याशिवाय ज्योत पेटवू नये.
3. गाळणी आणि उघडी बाटली यांच्यामध्ये हात किंवा सामान आणू नये.
4. पूर्वगाळणी धुण्याजोगी असल्यास नियमित धुवावी. हेपा गाळणी मात्र धुवू नये, तुंबल्यास बदलावी.
5. महिन्यातून एकदा बटाटा-डेक्स्ट्रोज-आगरची बशी कपाटात अर्धा तास उघडी ठेवावी व झाकून 25 ते 28 अंश सेल्सिअसला चार-पाच दिवस पाहावी. बुरशी उगवल्यास बियाणे भरणे थांबवून दोष शोधावा.

महत्त्वाची सूचना

सरळ समोर हवा फेकणारे हे कपाट मालाचे रक्षण करते, माणसाचे नाही. आतली हवा थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. म्हणूनच क्षयरोगाच्या तपासणीत जंतू वाढविण्याचे काम अशा कपाटात करीत नाहीत. त्यासाठी हवा आत ओढणारे, गाळून बाहेर सोडणारे जैवसुरक्षा कपाट लागते. हाच नियम आपणही पाळावा. बुरशी आलेली बाटली या कपाटात किंवा खोलीत उघडू नये. बंद स्थितीतच ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून मग फेकावी.

बियाणे विकत घेणाऱ्यांनी पांढरी, एकसारखी वाढ असलेलेच पाकीट घ्यावे. हिरवा किंवा काळा ठिपका अथवा आंबूस वास असल्यास ते नाकारावे.