खाडीतल्या तिवरांचा कार्बन सॅटेलाइट कसा मोजतो? चिखलातलं मात्र त्याला दिसत नाही

मालवण : कर्ली, कालावल, आचरा या खाड्यांच्या काठी तिवर, कांदळ, चिपी पिढ्यान् पिढ्या उभी आहेत. बरीच खाजणं तर लोकांच्या सातबाऱ्यावरच आहेत. आता कार्बन क्रेडिटचं नाव निघालं की याच झाडांचा विषय येतो. पण झाडातला कार्बन आकाशातून मोजतात तरी कसा?

युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह साधारण पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात. त्यांच्या फोटोतला एक ठिपका म्हणजे १० बाय १० मीटर, आपला एक गुंठाच. हिरवं पान डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतं, पाणी आणि चिखल तो गिळतात. त्यावरून कांदळवन कुठे आणि किती, ते कळतं. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२३ च्या अहवालात महाराष्ट्रात सुमारे ३१५ चौरस किलोमीटर कांदळवन दाखवलं आहे.

मात्र क्षेत्र म्हणजे वजन नव्हे. भरतीच्या वेळचा फोटो असेल तर लहान रोपं पाण्याखाली जातात. पावसाळ्यात तर ढगच ढग. ढगातून आरपार बघायला रडार लागतं. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह जुलै २०२५ मध्ये सोडला, तो रडारचाच. त्याच्या लांब लहरी पानांतून आत जाऊन फांद्या-खोडांपर्यंत पोचतात.

तरीही टेप घेऊन चिखलात उतरावंच लागतं. ठरावीक प्लॉट आखून छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३ मीटरवर, खोडाचा घेर घेतात. कांदळाचा घेर आधारमुळांच्या वर घ्यावा लागतो. त्यावरून सूत्राने सुकं वजन काढतात. (झाड तोडून वजन करायचा प्रश्नच नाही, कांदळवन तोडायला हायकोर्टाची बंदी आहे.) सुक्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन. त्याला ३.६७ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइडचा आकडा येतो.

मग प्लॉटचे आकडे फोटोशी जुळवून अख्ख्या खाडीचा अंदाज बांधतात. भाताच्या पीक कापणी प्रयोगासारखंच हे. चार प्लॉट कापायचे आणि सगळ्या मंडळाचं उत्पन्न ठरवायचं. प्लॉट चुकला की काय होतं, ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

आणि खरी ठेव तर खालीच असते. खाडीच्या चिखलात हवा जात नाही, म्हणून पानं-मुळं पुरती कुजत नाहीत, थरावर थर साचत जातात. बहुतेक कांदळवनांत झाडापेक्षा चिखलातच जास्त कार्बन असतो. तो कुठल्याच सॅटेलाइटला दिसत नाही. त्यासाठी अर्धगोल लोखंडी नळी मीटरभर किंवा त्याहून खोल खुपसून चिखल काढतात, तुकडे सुकवून प्रयोगशाळेत तपासतात. कोळंबीच्या तळ्यासाठी तोच चिखल उकरला की हवा लागते आणि शेकडो वर्षांचा साठा उडायला लागतो.

उद्या कुणी मोबाईलवर हिरवा नकाशा दाखवून खाजणाच्या करारावर सही मागितली, तर आधी विचारावं : प्लॉट कुठे घेतले? चिखल किती ठिकाणी काढला? फोटो भरतीचा की ओहोटीचा? आणखी एक. नुसतं जंगल उभं आहे म्हणून क्रेडिट मिळत नाही. नवीन लावलेलं, किंवा नाहीतर नष्ट झालं असतं आणि वाचवलं, असं दाखवावं लागतं. त्यामुळे 'तुमच्या खाजणात एवढे टन आहेत' म्हणजे तेवढ्या टनांचे पैसे, असा हिशोब कुणी मांडत असेल तर कागद घरी आणून सावकाश वाचलेला बरा.