मका निघाला शेजारी!

दोस्तांनो, उगाली खाल्लीय कधी? आफ्रिकेतल्या केनिया देशात ताटात उगाली नसली, तर अनेकांना जेवल्यासारखंच वाटत नाही! पांढऱ्या मक्याच्या पिठाची ही उकड इतकी घट्ट, की पातेलं उपडं केलं तर सगळी ताटात डौलात उभी राहते! तिचा गोळा घ्यायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा, त्यात पालेभाजी भरायची आणि गट्टम्!

एवढा मका येतो कुठून? पुष्कळसा केनियातच पिकतो, किटाले, एल्डोरेटच्या बाजूला. पण जून-जुलैत तिथली कणसं असतात हिरवीगार, आणि जुना साठा आलेला संपत!

साखर संपली की आई काय करते? वाटी देऊन तुम्हांला शेजारच्या काकूंकडे पिटाळते! केनियाचंही तसंच. त्याच्या काकू म्हणजे युगांडा. फक्त वाटीऐवजी पोतीच्या पोती, आणि उसनवारी नाही हं, पैसे मोजून!

आता ओळखा पाहू, ऐन जुलैत युगांडात मका कसा? विषुववृत्त तर दोन्ही देशांतून जातं, मग हवा सारखीच नको का?

गंमत आहे उंचीची! किटाले सुमारे १,९०० मीटर उंचावर आहे. आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच! तिथल्या गार हवेत मका रमतगमत वाढतो. सहा महिने, कधी त्याहूनही जास्त! युगांडातली मक्याची बरीचशी शेतं खालच्या उबदार भागात. तिथे मका साधारण चार महिन्यांत तयार! त्यातून पाऊसही वर्षातून दोनदा. म्हणजे एकाच शेतात वर्षाला दोन पिकं! मज्जाच की!

मग पोती निघतात बुसियाला. हे गाव भारीच आहे. सीमेच्या अलीकडे बुसिया, पलीकडेही बुसिया! ट्रकमधून, कधी सायकलवर लादून मका पलीकडे जातो. तिथल्या बाजारात तो साधारण दोन किलोंच्या डब्याने मापून विकतात.

पण थांबा! दाणे नीट वाळले नाहीत, तर त्यांवर बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. हे विष दिसत नाही, शिजवूनही जात नाही! मार्च २०२१मध्ये याच भीतीने केनियाने युगांडा आणि टांझानियाचा मका अडवला. काही दिवसांतच वाट मोकळी झाली, पण अट घातली: तपासणीचा दाखला आणा!

आणि युगांडाला खत लागलं तर? त्याला समुद्रच नाही! मग बरंचसं खत जहाजाने केनियाच्या मोंबासा बंदरात उतरतं आणि ट्रकमध्ये बसून अख्खा केनिया ओलांडतं. म्हणजे युगांडातल्या मक्याचा खाऊ आधी केनियातूनच जातो की!