सेत्ते : सहा भाऊ आणि सातवा पिएरो

1615 च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा वकील सर टॉमस रो तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात पोचला. जहांगीरचा मुलगा शहाजादा परवेझ तेव्हा इथून दख्खनचा कारभार पाहत होता. रोने त्याला नजराणा दिला, त्यात बाटल्यांची एक पेटी होती. दरबार आटोपल्यावर आत बोलावतो, निवांत बोलू, असं ठरलं. बोलावणं काही आलं नाही. पेटी फुटली होती आणि शहाजादा बोलण्याच्या स्थितीत राहिला नव्हता. रोने हे आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवलं आहे.

परवेझ 1626 मध्ये दारूपायी याच शहरात गेला. त्याच्याआधी त्याचा काका दानियालही इथेच गेला होता. अकबराने दानियालवर पहारे बसवले, तेव्हा नोकरांनी बंदुकीच्या नळीत कडक अर्क भरून आत नेला. नळीतला गंज अर्कात उतरला आणि तो पिऊन शहाजादा आजारी पडला तो उठलाच नाही, असं जहांगीर आपल्या आठवणींत सांगतो. दुसरा काका मुराद दख्खनच्याच मोहिमेत 1599 मध्ये दारूने संपला होता.

गंमत म्हणजे याच 1615 सालाशी बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचं नाव जोडलेलं आहे. अब्दुल रहीम खानखानानच्या काळात तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने आणि शंभरेक कुंड्यांनी शहरापर्यंत आणलं. रोची पेटी एका संध्याकाळीत रिकामी झाली. इराणी माणसाची विद्या मात्र बुऱ्हाणपूरच्या मातीत उतरली.

परदेशी वाइन मराठी मातीत उतरली ती अशीच, पण तापीकाठी नाही. त्यासाठी दक्षिणेला नीरेकाठच्या अकलूजला जावं लागतं.

अकलूज म्हणजे ऊस, सहकारी साखर कारखाना आणि मोहिते-पाटील. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातल्या या गावालगत ‘फ्रातेल्ली’ ही वाइन कंपनी उभी राहिली. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या : इटलीचे अलेस्सिओ आणि आंद्रेआ सेच्ची, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील. त्यांना जोड मिळाली इटलीतल्या टस्कनीच्या पिएरो मासी या वाइनतज्ज्ञाची. सहा अधिक एक, सात. कंपनीच्या नामांकित रेड वाइनचं नाव म्हणूनच ‘सेत्ते’, इटालियनमध्ये सात.

मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव अशा तीन ठिकाणी मिळून सुमारे 240 एकरांवर बागा लागल्या. साडेतीन लाखांच्या घरात रोपं आली, तीही बाहेरच्या देशातून. त्यात सांजोवेजे होतं, टस्कनीचं घरचं द्राक्ष. लॅटिनमधल्या ‘जोव्ह देवाचं रक्त’ या शब्दांवरून हे नाव पडल्याचं मानतात.

सेत्ते सांजोवेजे आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ यांच्या मिश्रणातून होते. या जोडीमागे इटलीतलं एक बंड आहे. टस्कनीतल्या कियांती वाइनच्या जुन्या नियमांनुसार लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षंही मिसळावी लागत. 1970 च्या दशकात अँतिनोरी घराण्याने ‘तिन्यानेल्लो’मधून पांढरी द्राक्षं काढून टाकली आणि फ्रेंच कॅबर्ने घातलं. नियम मोडल्यामुळे लेबलवर कियांती लिहिता येईना. वाइन साधी ‘टेबल वाइन’ म्हणून विकली गेली. तिचं मोल मात्र जगाने केलं आणि अशा वाइनना ‘सुपर टस्कन’ नाव पडलं. सेत्ते ही त्या कुळातली अकलूजकर.

मिश्रणाचं गणित सोपं आहे. सांजोवेजे आंबटसर, चेरीची आठवण देणारं, पण रंगाने जरा फिकं. कॅबर्नेचा मणी लहान, साल जाड, बिया ठळक. रंग आणि तुरटपणा तिथून येतो. जांभळाने जीभ आवळते, तसा तो तुरटपणा. मग वाइन फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरते.

थॉमसन द्राक्षाची बाग केलेल्या शेतकऱ्याला इथे सगळंच उलटं वाटतं. खायच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून तो घड ‘जीए’ या संजीवकाच्या द्रावणात बुडवतो, वाइनवाल्याला मणी लहानच हवा, कारण सालीच्या मानाने रस जितका कमी, तितकी वाइन गडद. गोडीचं माप ब्रिक्स; खायचा माल अठरा ब्रिक्सच्या आसपास निघतो. रेड वाइनसाठी तेवीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत थांबावं लागतं. रस आंबू लागला की साली वर तरंगून जाड थर धरतात. तो थर कोरडा पडू नये म्हणून तळाचा रस पंपाने उचलून पुन्हा त्यावर सोडतात, दिवसातून अनेकदा. रंग सुटतो तो याच भिजवण्यात.

खरी कसोटी हवामानाची. टस्कनीत वेल थंडीत झोपते आणि वसंतात जागी होते. सोलापूरकडे तिला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून इथे महाराष्ट्रातल्या बागायतदाराची जुनी युक्ती कामी येते : दोन छाटण्या, एक पीक. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उन्हाळ्यात काडी तयार होते, तिच्या डोळ्यांत पुढच्या घडाचं बीज धरतं. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते. जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणी. थंड रात्रींमुळे मण्यातली आंबटाई टिकते. इटलीत तोडणी चालू असते, तेव्हा अकलूजची वेल फळछाटणीला आलेली असते.

वाढायच्या वेळी मात्र पुस्तकातला ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला अकलूजला चालत नाही, बुऱ्हाणपूरला तर नाहीच. ते तापमान युरोपातल्या जुन्या दगडी घरांचं, सोळा ते अठरा अंशांचं. इथल्या उन्हाळ्यात बाटली आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायची, नाहीतर अल्कोहोलचा भपका तेवढा नाकात जातो. सोबत मटणाचा रस्सा असला, तर सेत्तेचा तुरटपणा त्यातल्या तेला-तुपाला चांगली साथ देतो.

आणि एप्रिलमध्ये, टस्कनीच्या टेकड्यांवर सांजोवेजेला पहिली पालवी फुटत असताना, मोटेवाडीत कात्र्या चालू होतात. ओलांड्यावरच्या काड्या खाली पडतात, तारांवर नुसते खुंटलेले हात उरतात.