विश्लेषण : ‘चूक की बरोबर’मध्ये नुसत्या अंदाजाने पैकीच्या पैकी गुण मिळतील?

‘खालील विधाने चूक की बरोबर ते लिहा’ हा प्रश्न शाळेच्या परीक्षेत हक्काच्या गुणांचा मानला जातो. अभ्यास झालेला नसला तरी काहीतरी लिहिता येते आणि ते बरोबर येण्याची शक्यता निम्मी असते. मात्र एक उत्तर बरोबर येणे आणि सगळीच बरोबर येणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो मोजायला राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितातले ‘संभाव्यता’ हे प्रकरण पुरेसे आहे.

सगळीच उत्तरे बरोबर येण्याची शक्यता किती?

एका विधानाचे उत्तर दोन प्रकारे देता येते, दोन विधानांची चार प्रकारे, तीन विधानांची आठ प्रकारे. प्रत्येक नव्या विधानागणिक हा आकडा दुप्पट होतो. दहा विधानांना तो १,०२४ होतो. या १,०२४ संभाव्य उत्तरपत्रिकांपैकी पूर्ण बरोबर एकच. म्हणजे शक्यता ०.१ टक्क्याहूनही कमी. वीस विधाने असतील तर १० लाख ४८ हजार ५७६ मध्ये एक.

तरीही असे गुण कुणालाच पडणार नाहीत असे नाही. एक लाख विद्यार्थ्यांनी दहा विधानांची उत्तरे नाणे उडवून लिहिली, तर साधारण ९८ जणांना पैकीच्या पैकी गुण मिळतील. शिवाय वर्गात कोरी पाटी घेऊन कुणी बसत नाही. सहा उत्तरे खात्रीने येत असतील, तर उरलेली चार अंदाजाने जुळण्याची शक्यता १६ मध्ये एक, म्हणजे सव्वासहा टक्के होते.

मग अंदाज लावणारा नापास होतो का?

बहुतेकदा नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. दहापैकी नेमकी पाच उत्तरे बरोबर येण्याचे २५२ प्रकार आहेत, चार किंवा सहा येण्याचे प्रत्येकी २१०. त्यामुळे गुण मधल्या पट्ट्यातच घुटमळतात. उत्तीर्ण होण्याची रेषा ३५ टक्क्यांवर, म्हणजे दहापैकी चारवर असेल, तर पुस्तक न उघडलेला विद्यार्थीही सुमारे ८३ टक्के वेळा पास होईल.

प्रश्न वाढवले की अंदाजाला आळा बसतो, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. रेषा ३५ टक्क्यांवरच ठेवून विधाने वीस केली, तर पास होण्याची शक्यता उलट ९४ टक्क्यांवर जाते! कारण प्रश्न वाढतात तसे गुण निम्म्याच्या अधिकाधिक जवळ येतात आणि रेषा निम्म्याच्या खाली आहे. ती ७० टक्क्यांवर असेल तरच चित्र पालटते. दहा विधानांत १७ टक्के असलेली शक्यता वीस विधानांत जेमतेम सहा टक्क्यांवर येते.

स्पर्धा परीक्षांत काय होते?

तिथे चार पर्याय असतात, शिवाय चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांपैकी एक-तृतीयांश गुण जातात. चारपैकी एक उत्तर बरोबर आणि तीन चूक, असे सरासरीने धरले तर मिळालेले आणि कापलेले गुण तंतोतंत सारखे होतात, हाती शून्य. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक जातो. त्यामुळे तिथे आंधळ्या अंदाजातूनही सरासरीने दर प्रश्नामागे पाव गुण उरतो. एमएचटी-सीईटीत गुण कापले जात नाहीत, म्हणून तिथे प्रश्न सोडून देणे हाच तोटा.

हाच न्याय ‘चूक की बरोबर’ला लावायचा, तर एक गुणाच्या विधानाला चुकल्याबद्दल अख्खा एक गुण कापावा लागेल. शाळेत ते कुणी करणार नाही. भूगोलाच्या स्वाध्यायात त्यावर साधा तोडगा दिसतो : ‘अयोग्य विधाने दुरुस्त करून लिहा.’ बरोबर असलेल्या विधानापुढे तेवढे लिहून अजूनही निभावता येते. पण विधान चुकीचे असेल तर नेमके काय चुकले ते लिहावे लागते, आणि तिथे नाणे उडवून भागत नाही.