१७ इंचांची सीट आणि अंगाने मोठा प्रवासी

अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सने २७ जानेवारी २०२६ पासून आपली एक जुनी सवलत बदलली. अंगाने मोठ्या प्रवाशाला शेजारची सीट ही कंपनी वर्षानुवर्षं विनामूल्य देत आली होती. आधी पैसे भरून दोन सीट घ्यायच्या आणि प्रवास झाल्यावर दुसरीचे पैसे परत मागायचे, किंवा थेट गेटवर जाऊन सांगायचं, असे दोन मार्ग होते. आता दुसरी सीट आधीच विकत घ्यावी लागते. विमान निदान एक सीट रिकामी ठेवून निघालं, दोन्ही तिकिटं एकाच भाड्याच्या वर्गातली असली आणि ९० दिवसांच्या आत मागणी केली, तरच पैसे परत मिळतात. त्याच दिवसापासून कंपनीने 'आधी येईल तो हवी तिथे बसेल' ही आपली पन्नासहून अधिक वर्षांची पद्धतही बंद केली. सीटला नंबरच नव्हता तोवर शेजारची जागा सोडणं सोपं होतं. प्रत्येक सीट वेगळी विकायला लागल्यावर ते अवघड झालं.

आपल्याकडचे कितीतरी आईवडील मुलीच्या बाळंतपणाला, नातवंडांना भेटायला अमेरिका-कॅनडात जातात आणि तिथल्या अंतर्गत विमानांनी फिरतात. त्यांच्यात जे भरल्या अंगाचे असतात, त्यांना या नियमांविषयी नातेवाईक, शेजारी, कधी ट्रॅव्हल एजंटही जे सांगतात, त्यात ऐकीव फार असतं. त्या ऐकीव माहितीची किंमत त्यांना विमानाच्या दारात, सगळ्यांच्या देखत चुकवावी लागते. म्हणून हे सविस्तर.

सगळ्यात पसरलेला समज असा, की जास्त वजनाच्या माणसाला जास्त भाडं पडतं, कारण त्याच्यामुळे इंधन जास्त जळतं. मोठ्या प्रवासी विमानांच्या बाबतीत हे खरं नाही. आपण नेहमी बसतो त्या एअरबस ए३२० निओचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन सुमारे ७९ टन असतं. युरोपच्या नियमांत विमानाच्या वजनाचा हिशेब करताना प्रौढ प्रवासी हातातल्या सामानासह सरासरी ८४ किलोंचा धरतात. त्या जागी दीडशे किलोंचा माणूस बसला, तर फरक ६६ किलोंचा, म्हणजे विमानाच्या एकूण वजनाच्या एक दशांश टक्काही नाही. कंपनीचं लक्ष असतं ते रुंदीवर. साउथवेस्ट दोन सीटमधला आर्मरेस्ट हीच हद्द मानते. युनायटेड एअरलाइन्सने २००९ मध्ये घातलेल्या अटीही त्याच धर्तीच्या आहेत: आर्मरेस्ट खाली राहिला पाहिजे, बेल्ट लांब करणाऱ्या एका जोडपट्ट्याने सीटबेल्ट लागला पाहिजे आणि शेजारच्या सीटवर अतिक्रमण होता कामा नये. यात वजनकाटा कुठेच येत नाही. ऐंशी किलोंची रुंद नितंबांची बाई या कसोटीत अडकू शकते आणि एकशे वीस किलोंचा उंच माणूस सहज बसू शकतो.

वजन खरोखर महत्त्वाचं ठरतं ते लहान विमानांत आणि हेलिकॉप्टरमध्ये. केदारनाथच्या हेलिकॉप्टरला गेलेल्यांनी हे पाहिलेलं असतं. तिथे प्रत्येकाचं वजन करतात आणि ठरावीक मर्यादेपुढे जादा पैसे घेतात. सामोआ एअर या प्रशांत महासागरातल्या छोट्या कंपनीने २०१३ मध्ये किलोवर भाडं आकारायला सुरुवात केली आणि ती बातमी जगभर गाजली. पण तिची विमानं जेमतेम आठ-दहा माणसांची होती. लहान विमानात हिशेब चुकला तर काय होतं, ते ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट इथे दिसलं. एअर मिडवेस्टचं १९ प्रवासी नेणारं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि आतले २१ही जण मेले. देखभालीत नियंत्रणाची तार चुकीची बसवली गेली होती. त्यातच विमान मागच्या बाजूला जड झालं होतं, कारण कागदावर धरलेली प्रवाशांची सरासरी वजनं जुनी, प्रत्यक्षापेक्षा कमी होती. त्यानंतर अमेरिकी प्रशासनाने हे सरासरीचे आकडे वाढवले. एअर न्यूझीलंडने २०२३ मध्ये आणि फिनएअरने २०२४ मध्ये प्रवाशांची ऐच्छिक वजनं घेतली, तीही या सरासरीसाठीच. त्याचा कुणाच्या तिकिटाशी काहीही संबंध नव्हता. 'आता विमानतळावर वजन करून पैसे घेणार' अशा बातम्या तेव्हा फिरल्या, त्या निराधार होत्या.

रुंदीचाच प्रश्न असेल, तर सीट केवढी असते? 'हल्ली सीटची रुंदी कमी केली' हे वाक्य अर्धंच खरं आहे. बोइंग ७३७ ची आतली रुंदी १९६७ च्या पहिल्या उड्डाणापासून तीच आहे आणि तेव्हापासून तिच्यात एका ओळीत सहा सीट आहेत. दोन आर्मरेस्टच्या मधली जागा साधारण १७ इंच, म्हणजे ४३ सेंटिमीटर. अनेक पुरुषांचे खांदेच याहून रुंद असतात. आकसली आहे ती मुख्यतः दोन ओळींमधली जागा. रुंदी कमी झाली ती लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत. बोइंग ७७७ आलं तेव्हा बहुतेक कंपन्या एका ओळीत नऊ सीट बसवत, नंतर त्याच रुंदीत दहा बसवायची प्रथा पडली. दुबईमार्गे जाणाऱ्यांना एमिरेट्सच्या ७७७ मध्ये ही तीन-चार-तीन अशी मांडणी भेटते. ७८७ मध्ये ऐसपैस आठ सीट मावतात, पण बहुतेकांनी नऊ बसवल्या आहेत.

याचा उपयोग असा, की सगळ्या विमानांत सीट सारखी नसते. ए३२० ची केबिन ७३७ पेक्षा पंधरा-सोळा सेंटिमीटरने रुंद आहे, त्यामुळे सीट साधारण १८ इंचांची होते. एअरबस ए२२० मध्ये ती आणखी थोडी मोठी आहे. इंचभर म्हणजे काहीच नाही असं सडपातळ माणसाला वाटेल. ज्याचे नितंब दोन तास आर्मरेस्टच्या कडेवर दाबले जातात, त्याला हा इंच फार मोठा असतो. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. भाडं पाहण्याआधी तो पाहावा.

आता ज्या गैरसमजामुळे माणसं पैसे खर्च करूनही पस्तावतात, त्याबद्दल. मोठ्या अंगाच्या माणसाला हमखास सल्ला मिळतो, 'तुम्ही जादा पैसे भरून पुढची सीट घ्या, नाहीतर इमर्जन्सी दाराजवळची घ्या, तिथे ऐसपैस जागा असते.' तिथे जागा असते ती पायांना. रुंदी बहुधा तेवढीच, पुष्कळदा कमी. पहिल्या ओळीसमोर दुसरी सीट नसते, म्हणून जेवणाचा ट्रे आर्मरेस्टच्या पोटात घडी करून ठेवलेला असतो. तो आर्मरेस्ट जाड असतो, खालपर्यंत भरीव असतो आणि वर उचलता येत नाही. नेहमीच्या सीटवर आर्मरेस्टच्या खालून जी थोडी जागा मिळते, तीही इथे बंद होते. इमर्जन्सी दाराजवळच्या ओळीतही बऱ्याच विमानांत असेच आर्मरेस्ट असतात आणि सीटबेल्टला जोडपट्टा लागणाऱ्या प्रवाशाला तिथे बसूच देत नाहीत. म्हणजे जादा पैसे भरलेला माणूस आत शिरल्यावर तिथून उठवला जातो. 'एक्स्ट्रा लेगरूम' किंवा 'एक्सएल' अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या सीटचा अर्थ पाय लांब करायला जागा, एवढाच. जास्त रुंदी हवी असेल तर खरी प्रीमियम इकॉनॉमी किंवा बिझनेस क्लास घ्यावा लागतो, नाहीतर दोन सीट.

आईल सीटबद्दल, म्हणजे मधल्या वाटेच्या कडेच्या सीटबद्दल, एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तिचा बाहेरचा आर्मरेस्ट उचलत नाही असं आपण समजतो, पण अनेक विमानांत त्याच्या खालच्या बाजूला, बिजागरीजवळ, एक बटण किंवा खिट्टी असते. ती दाबली की तो वर जातो. तीस किंवा अधिक सीटच्या विमानांत निम्म्या आईल सीटना असे हलणारे आर्मरेस्ट असावेत, असा अमेरिकेचा नियम आहे. हालचालीला त्रास असलेल्या प्रवाशांसाठी तो केला गेला. बसताना-उठताना याचा मोठा आधार होतो. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी मात्र तो खाली हवा.

सीटबेल्टच्या जोडपट्ट्याबद्दल थोडक्यात. तो मागितल्यावर मिळतो, त्याचे पैसे पडत नाहीत. विमानात शिरतानाच दाराशी हळूच सांगितलं, तर कर्मचारी तो आणून देतात. बाजारात मिळणारा स्वतःचा पट्टा नेऊ नये. विमानाच्या तपासणीत नसलेला पट्टा चालत नाही आणि बकलाची घडणही प्रत्येक विमानात सारखी नसते. ज्या सीटच्या बेल्टमध्ये एअरबॅग असते, तिथे साधा जोडपट्टा लावता येत नाही. बेल्ट पुरत नाही म्हणून तो अंगावरच्या शालीखाली नुसता लपवून बसणारी माणसं असतात. लाजेपोटी केलेली ही गोष्ट जिवावर बेतू शकते. आणि लाज कसली? सीटच्या चाचणीत वापरायचा पुतळा सुमारे ७७ किलोंचा असतो, त्या मापाबाहेरची माणसं जगात अगणित आहेत.

कायद्याविषयी दोन टोकांचे समज आहेत. एक असा, की डॉक्टरांचं सर्टिफिकेट दाखवलं की जगात कुठेही दुसरी सीट फुकट मिळते. दुसरा असा, की प्रवाशाला काहीच हक्क नाही. कॅनडात हक्क आहे, तोही लढून मिळवलेला. तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला, की 'एका माणसाला एकच भाडं'. एअर कॅनडा, एअर कॅनडा जॅझ आणि वेस्टजेट यांना तो लागू झाला. कंपन्या वरच्या कोर्टात गेल्या, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचा अर्ज ऐकायला नकार दिला आणि २००९ च्या जानेवारीपासून अंमल सुरू झाला. हा निकाल देशांतर्गत प्रवासापुरता होता आणि ज्यांच्या बाबतीत स्थूलता अपंगत्व ठरते किंवा ज्यांना सोबतीची गरज असते, त्यांच्यासाठी. त्यासाठी डॉक्टरांनी भरलेला फॉर्म आधी द्यावा लागतो. म्हणजे टोरांटो ते व्हँकुव्हर प्रवासाला याचा आधार आहे, मुंबई ते टोरांटो प्रवासाला या निकालाचा नाही.

अमेरिकेत १९८६ चा कायदा अपंग प्रवाशांना भेदभावापासून संरक्षण देतो, पण त्याखालचे नियम स्पष्ट सांगतात, की एका तिकिटावर एकाहून जास्त सीट देणं कंपनीला बंधनकारक नाही. म्हणून तिथे सगळं कंपनीच्या धोरणावर चालतं. अलास्का एअरलाइन्स तुमची विमानं रिकामी सीट घेऊन निघाली तर दुसऱ्या सीटचे पैसे परत करते. एअर फ्रान्स दुसऱ्या सीटवर २५ टक्के सवलत देते आणि जागा रिकामी राहिली तर रक्कम परत करते. भारतात अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलं आहे. स्थूलता त्यात नाही. कॅनडासारखा 'एक माणूस, एक भाडं' नियमही आपल्याकडे नाही. इंडिगोने २०२० मध्ये, कोविडच्या काळात, स्वतःसाठी दुसरी सीट मूळ भाड्याच्या २५ टक्क्यांपर्यंत देण्याची योजना काढली होती. अंतर राखण्यासाठी जे जमलं, ते अंगाने मोठ्या माणसांसाठी कायमचं, लेखी आणि माफक दरात का जमू नये, हे आपल्या कंपन्यांना आणि विमान वाहतूक महासंचालनालयाला विचारायला हवं. मला हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण नियम अस्पष्ट असला की निर्णय दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या नजरेवर सोडला जातो.

तो निर्णय कसा अंगावर येतो, याची एक घटना आपल्या दिल्लीची आहे. २००५ मध्ये दिल्लीहून पॅरिसला परतणाऱ्या एका फ्रेंच पटकथालेखकाला एअर फ्रान्सने दुसऱ्या सीटचे पैसे भरायला लावले. भर विमानतळावर त्याच्या पोटाभोवती चिकटपट्टी गुंडाळून माप घेतलं गेलं. फ्रान्समधल्या न्यायालयाने २००७ मध्ये त्याला ८,००० युरो भरपाई देवविली. अमेरिकेत २०१० मध्ये चित्रपट दिग्दर्शक केव्हिन स्मिथ यांनी साउथवेस्टच्या दोन सीट घेतल्या होत्या, पण ते आधीच्या विमानात एकच सीट रिकामी होती तिथे बसले. बसल्यानंतर त्यांना उतरवलं गेलं आणि कंपनीला पुढे माफी मागावी लागली. नियम माहीत असलेल्या, दोन सीटचे पैसे भरलेल्या माणसाचीही ही गत होते.

'शेजारी समजून घेईल' यावर म्हणूनच विसंबू नये. शेजाऱ्यानेही पूर्ण सीटचे पैसे दिलेले असतात. सहा तास अंग चोरून बसण्याचा त्रास त्याचा आणि दुसऱ्याला त्रास होतोय या जाणिवेने आक्रसून बसण्याचा त्रास मोठ्या माणसाचा. या दोघांना एकमेकांसमोर उभं करते ती सीटची मांडणी, आणि राग मात्र ते एकमेकांवर काढतात. विमान भरलेलं असेल तर केबिन क्रूच्याही हातात काही नसतं.

दुसरी सीट घ्यायची ठरली, तर प्रवासाच्या वेबसाइटवर त्याच नावाने दोन तिकिटं काढू नयेत, यंत्रणा त्यातलं एक दुबार समजून रद्द करू शकते. विमान कंपनीला फोन करून 'एक्स्ट्रा सीट' मागावी. बुकिंगमध्ये त्यासाठी 'ईएक्सएसटी' असा ठरलेला संकेत असतो, तो नोंदवला का ते विचारावं. दोन्ही सीट शेजारी-शेजारी असल्याची खात्री त्याच फोनवर करावी आणि आदल्या दिवशी पुन्हा पाहावं, कारण विमान बदललं की मांडणी बदलते. मधला आर्मरेस्ट उचलता येईल अशीच ओळ मागावी. दोन सीटचे दोन बोर्डिंग पास घ्यावेत आणि गेटवर दोन्ही स्कॅन करायला सांगावं. एकच स्कॅन झाला, तर दुसरी सीट रिकामी समजून प्रतीक्षेतल्या प्रवाशाला दिली जाते. प्रवासात दोन कंपन्यांची विमानं असतील, तर दोघींकडे वेगवेगळी चौकशी करावी. जिथे पैसे परत मिळण्याची सोय आहे, तिथे ते बहुधा आपण मागितल्यावरच मिळतात, म्हणून दोन्ही पास जपून ठेवून परतल्यावर मुदतीत अर्ज करावा.