डिग आज्ञेचे उत्तर वाचून डीएनएसमधील दोष शोधणे

संगणकांना एकमेकांपर्यंत पोहोचण्यासाठी आयपी पत्ता लागतो, आपल्या लक्षात मात्र नाव राहते. नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. तिची आजही पायाभूत मानली जाणारी मानके १९८७ साली आरएफसी १०३४ आणि १०३५ या दस्तऐवजांत प्रसिद्ध झाली. या यंत्रणेला टर्मिनलमधून थेट प्रश्न विचारण्याचे साधन म्हणजे 'डिग'. डिगकडून अपेक्षित पत्ता मिळत नसेल तर दोष नेमका कोठे आहे, हे या पाठात पाहू. निदान चुकले आणि घाईने बरोबर असलेल्या नोंदी बदलल्या, तर त्याच डोमेनवरील चालू ईमेल सेवाही बंद पडू शकते.

सूचना: येथे आज्ञा उच्चारानुसार दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत लिहा.

१. पूर्ण उत्तर मिळवा

'+शॉर्ट' हा पर्याय सोयीचा आहे, कारण तो फक्त पत्ता छापतो. पण नाव अस्तित्वात नसेल, त्या प्रकारची नोंद नसेल किंवा सर्व्हरला उत्तर शोधता आले नसेल, तर तिन्ही वेळा पडदा कोराच राहतो. म्हणून दोष शोधताना हा पर्याय काढा आणि उत्तराच्या वरच्या भागातील 'स्टेटस' वाचा.

२. स्टेटस काय सांगतो?

- एनएक्सडोमेन: असे नाव अस्तित्वात नाही. आधी स्पेलिंग आणि नोंदणीची मुदत तपासा.
- नोएरर, पण 'आन्सर' शून्य: नाव आहे, मात्र विचारलेल्या प्रकारची नोंद नाही. उदाहरणार्थ, आयपीव्ही६ साठीची नोंद विचारली, पण केवळ आयपीव्ही४ ची नोंद केलेली आहे.
- सर्व्हफेल: सर्व्हरला उत्तर शोधताना अडचण आली. हाच प्रश्न '+सीडी' पर्यायासह विचारा. आता पत्ता मिळाला, तर डीएनएससेक स्वाक्षरीच्या पडताळणीत दोष असण्याची दाट शक्यता आहे.
- रिफ्यूज्ड: सर्व्हरने तुमचा प्रश्न नाकारला. दुसऱ्या सर्व्हरला विचारा.

स्टेटसच नाही आणि 'टाइम्ड आउट' असा संदेश आला, तर उत्तर तुमच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही. अशा वेळी नेटवर्क, फायरवॉल आणि पोर्ट ५३ तपासा.

३. उत्तर कोणी दिले?

शेवटच्या भागातील 'सर्व्हर' ही ओळ पाहा. तेथे १२७.०.०.५३ दिसले, तर उत्तर तुमच्याच लिनक्स संगणकावरील मध्यस्थ सेवेकडून आले आहे. आता 'डिग एनएस' आणि पुढे डोमेन लिहून त्या डोमेनचे अधिकृत सर्व्हर शोधा. मग '@' चिन्हापुढे त्यांपैकी एकाचे नाव लिहून तोच प्रश्न थेट त्याला विचारा.

अधिकृत सर्व्हर नवा पत्ता देतो आणि नेहमीचा सर्व्हर जुना, असे दिसले तर नोंद बरोबर आहे. जुने उत्तर कॅशमध्ये आहे. नावाशेजारचा आकडा म्हणजे टीटीएल. तो सेकंदांत असतो आणि पुन्हा विचारल्यावर घटत जातो. तो संपेपर्यंत थांबा, नोंदीत बदल करू नका. 'असे नाव नाही' हे उत्तरही कॅशमध्ये साठते. म्हणून नोंद करण्यापूर्वीच नाव विचारले असेल, तर नोंद केल्यावरही काही काळ एनएक्सडोमेन येऊ शकतो.

४. दोन फसवे प्रसंग

- डिग आणि ब्राउझर वेगवेगळे पत्ते वापरतात. डिग संगणकातील 'होस्ट्स' फाइल वाचत नाही, म्हणून तीही तपासा.
- '+ट्रेस' मूळ सर्व्हरपासून एकेक पायरी स्वतः विचारत जातो. महाविद्यालयाच्या नेटवर्कने बाहेरचे पोर्ट ५३ अडवले असेल, तर साधी डिग चालते, पण ट्रेस थांबतो. हा डोमेनचा दोष नव्हे.

सारांश: आधी स्टेटस, मग उत्तर देणारा सर्व्हर, मग अधिकृत सर्व्हरशी तुलना. नोंद बदलायची की नाही, हे त्यानंतर ठरवा.

स्वाध्याय: तुमच्या महाविद्यालयाचे डोमेन १० सेकंदांच्या अंतराने दोनदा विचारा. टीटीएल घटला का? घटला नसेल, तर उत्तर कोणी दिले असावे?